आप्पा फेब्रुवारीत रिटायर होतायत: पेन्शन किती बसेल आणि दवाखान्याचं काय करायचं?

पूर्वभागची_लेक
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

आप्पा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारे, आहेत. मार्च २००० पासून एकाच ठिकाणी. फेब्रुवारी २०२६ अखेर त्यांना ५८ पूर्ण होतात. हातात येण्याआधीचा पगार १६ हजार. पीएफ कापतात, ईएसआय म्हणजे कामगार विमा कापतात. पीएफच्या पासबुकात साधारण सहा लाख दिसतात, मधे घराच्या स्लॅबसाठी थोडे काढले होते.

आईला आठ वर्षांपासून शुगर. आप्पांना बीपी आहे आणि सव्वीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यानं कानानं कमी ऐकू येतं. दोघांच्या गोळ्या आजवर ईएसआयच्या दवाखान्यातून येतात.

कारखान्यात कुणी म्हणतं पेन्शन हजार रुपये बसेल, कुणी म्हणतं साडेसात हजार. ओळखीतले एक एजंट येऊन गेले. दोघांच्या मेडिक्लेमचे वर्षाला ४२ हजार सांगितले, आणि पीएफचे सहा लाख एका पेन्शन प्लॅनमध्ये टाका म्हणाले. आप्पा "सही करून टाकू" म्हणतात, कारण त्यांना झोप लागत नाहीये. मी एका दुकानात हिशेब लिहिते, पण या हिशेबाची मला भीती वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.

शेंगाचटणी
ताई, हा धागा शंभरीला पोचेपर्यंत तरी आप्पांचं पेन लपवून ठेवा. सही अजिबात नको.

हिशोबनीस
बावीस वर्षं एका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात काढली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. निवांत वाचा.

पीएफ आणि पेन्शन हे दोन वेगळे डबे आहेत. आप्पांच्या पगारातले १२ टक्के सगळे पीएफच्या डब्यात जातात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनच्या डब्यात आणि उरलेले ३.६७ पीएफमध्ये. पासबुकातले सहा लाख पीएफचे, ते आप्पांचेच, ते काढले म्हणून पेन्शनला धक्का लागत नाही.

पेन्शन कर्मचारी पेन्शन योजना १९९५ प्रमाणे बसते, आपण जिला ईपीएस-९५ म्हणतो. गणित असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, आणि तोही १५ हजारांपर्यंतच धरतात. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची. त्याआधी ६,५०० होती, म्हणून २०१४ आधीच्या वर्षांना ६,५०० च्या हिशेबानंच पेन्शन मिळते. लोक सगळी सेवा १५ हजारांनी गुणतात आणि मग हातात आकडा आला की रडकुंडीला येतात.

आप्पांचं बघा. मार्च २००० ते ऑगस्ट २०१४ साडेचौदा वर्षं: १४.५ × ६,५०० ÷ ७० = १,३४६. पुढची साडेअकरा वर्षं: ११.५ × १५,००० ÷ ७० = २,४६४. बेरीज ३,८१०. वीस वर्षांच्या वर सेवा आणि ५८ ला निवृत्ती, म्हणून दोन वर्षं जादा धरतात. त्याचे चारशेच्या आसपास. म्हणजे महिना ४,२०० च्या जवळपास.

हजार ही किमान पेन्शन आहे, साडेसात हजार ही पेन्शनरांच्या आंदोलनाची मागणी आहे. कारखान्यातले दोन्ही आकडे ऐकीव.

पूर्वभागची_लेक
काका, कागदावर मांडून आप्पांना दाखवलं. चार हजार ऐकून गप्प झाले. सव्वीस वर्षांचे चार हजार.

जुनामिलवाला
बाळ, आप्पांना म्हणावं चार हजार तरी आहेत. माझं वाच.

मी ७१ वर्षांचा. आमची मिल नव्वदीच्या दशकात बंद पडली. मग मी मागावर गेलो. साखर पेठेत चार वर्षं, मग दुसरीकडं सहा, मग एमआयडीसीत आठ. दर वेळी काम सुटलं की आम्ही सगळे फॉर्म भरून पीएफ काढायचो, आणि त्यासोबत १०-सी भरून पेन्शनचेही पैसे काढायचो. पाच-सात हजार हातात यायचे. त्यात पोरीचं लग्न झालं, छपरावर पत्रे आले. कुणी सांगितलंच नाही की ते पैसे काढले म्हणजे तेवढी वर्षं पुसली गेली. पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते. माझी अठरा वर्षं झाली होती, पण कागदावर शेवटची आठच उरली. ५८ ला साहेब म्हणाले, तुम्हाला पेन्शन नाही.

तेव्हा पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घेतलं असतं, तर वर्षं जोडली गेली असती. आज महिन्याला फार तर सोळाशे-सतराशे, पण मिळाले असते. गेल्या तेरा वर्षांत मी हा हिशेब किती वेळा केलाय, माझं मला माहीत.

म्हणून इथं जी तरणी पोरं वाचत असतील त्यांना हात जोडून सांगतो: काम बदललं तर १०-सीचे पैसे काढू नका.

शेंगाचटणी
बाबा, हे आमच्या कारखान्याच्या ग्रुपवर टाकतो. माझ्या शेजारच्या मागावरचा पोरगा कालच १०-सी भरायला निघाला होता.

विजापूररोड
हिशोबनीस काकांचं गणित बरोबर आहे, पण दवाखान्याबद्दल मी एजंटाच्या बाजूनं थोडं बोलतो. मी पुण्यात नोकरीला, आई-वडील सोलापुरात. वडिलांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकला, बिल अडीच लाखांवर गेलं. मेडिक्लेम होता म्हणून निभावलं. सरकारी योजनेच्या भरवशावर राहून ऐन वेळी धावाधाव झालेली मी पाहिलीय. ४२ हजार जास्त वाटतात, पण आता घेतला नाही तर पुढं हप्ता वाढतच जाणार.

एक चांगलं झालंय: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, आधी १८ टक्के होता. एजंटानं आकडा जुना सांगितला का, ते विचारा.

नर्सताई
थांबा. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून कुणी सांगितलीच नाही.

ताई, तुम्ही गृहीत धरलंय की निवृत्तीनंतर ईएसआय बंद. तसं नाही! निवृत्तीच्या वयाला नोकरीतून बाहेर पडलेल्या आणि किमान पाच वर्षं विमाधारक राहिलेल्या कामगाराला, आणि त्याच्या जोडीदाराला, ईएसआयचे उपचार पुढंही मिळतात. वर्षाला १२० रुपये भरायचे. महिन्याला नाही, वर्षाला. दोघांचे मिळून. नियम ६१ म्हणून विचारा, शाखा कार्यालयात लगेच कळेल. मालकाकडून निवृत्तीचा दाखला घ्यायचा आणि दर वर्षी मुदत संपायच्या आत भरायचे.

मी वीस वर्षं नर्स आहे. इतक्या निवृत्त कामगारांना शुगरच्या गोळ्या विकत घेताना पाहिलंय, ज्यांचा हा हक्क होता. आयुष्यभर पगारातून कापून घेतले आणि ज्या दिवशी गरज सुरू झाली त्या दिवशी कार्ड कपाटात गेलं. जीव तुटतो.

पूर्वभागची_लेक
नर्सताई, १२०?? मी तीन वेळा वाचलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एक शून्य राहिलं असंल बघ."

नर्सताई
शून्य राहिलं नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.

विजापूररोड
नर्सताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. पण लाइन, औषध संपलेलं, तज्ज्ञ डॉक्टर ठरावीक वारीच, याचं काय?

नर्सताई
त्रास असतो, नाकारत नाही. पण दोन गरजा वेगळ्या करून बघा. रोजच्या गोळ्या, तपासण्या, दर महिन्याचा डॉक्टर हा खर्च कायमचा, आणि त्याला बहुतेक मेडिक्लेम हातच लावत नाहीत, ते भरती झाल्यावर जागे होतात. त्याला ईएसआय. मोठं ऑपरेशन आलं तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि आता पिवळं-केशरी असलंच पाहिजे असंही नाही, पांढरं रेशन कार्डही चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो. भरती होतानाच त्याला गाठायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. फक्त उपचार योजनेच्या यादीत हवा.

सत्तरी ओलांडली की आयुष्मान वय वंदना कार्ड, उत्पन्नाची अट नाही, तेही ५ लाख.

जुनामिलवाला
ते कार्ड माझं आहे. हर्नियाचं ऑपरेशन झालं त्यावर. एक रुपया लागला नाही, रिक्षाचे सोडून.

चादरवाला_एमआयडीसी
मी मालक आहे, छोटा. चोवीस माग. इथं मालकाविरुद्धच जास्त बोललं जातं, तरी लिहितो, कारण माझ्याकडचे दोन कामगार याच वर्षी निवृत्त होतायत.

हिशोबनीस साहेबांनी पगार १५ हजार धरलाय. ताई, आधी स्लिप बघा की पीएफ कशावर कापला जातो. बऱ्याच ठिकाणी पगाराचे तुकडे पाडून मूळ पगार कमी दाखवतात. तसं असेल तर पेन्शन त्या कमी आकड्यावर बसते. मी स्वतः २०१९ पर्यंत तसंच करत होतो. सगळे करायचे म्हणून केलं. आता चूक वाटते.

आणि ग्रॅच्युइटी विसरू नका. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू. पाच वर्षं झाली की हक्क. शेवटचा मूळ पगार आणि महागाई, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. अर्ज देऊन पोच घ्या. मालकानं तीस दिवसांत द्यायची असते.

शेंगाचटणी
मालक, पोच मागितली की दुसऱ्या दिवशी गेटवर "काम नाही" ऐकलेली माणसं आहेत आमच्या गल्लीत. तुम्ही सांगायलात ते पुस्तकात ठीक.

चादरवाला_एमआयडीसी
खरंय, आणि ते कायद्याच्या विरुद्ध आहे. अशा वेळी ग्रॅच्युइटीचा दावा लावता येतो. यार्नचे भाव आणि वीजबिल यांनी आमचाही दम निघतो, पण सव्वीस वर्षं माग चालवणाऱ्याचे पैसे अडवणं हे त्यावरचं उत्तर नव्हे.

कुंभारी_घरकुल
मी थोडं वेगळं लिहिते. माझ्या सासूबाई बीडी कामगार. पस्तीस वर्षं रोज हजार बीड्या वळल्या. पेन्शन १,००० रुपये, ते किमान आहे म्हणून, नाहीतर गणितानं त्याहून कमी बसत होती.

त्यांचा हयातीचा दाखला दर वर्षी अडायचा. यंत्रावर बोट ठेवलं की नाही म्हणायचं. तंबाखू आणि पानं हाताळून बोटांच्या रेषाच राहिल्या नाहीत. तीन ठिकाणी फिरलो, प्रत्येकजण म्हणायचा बोट पुसा, तेल लावा. सासूबाई घरी येऊन हात बघत बसल्या होत्या. मग एका पोस्टमननं सांगितलं की मोबाईलवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण, म्हणजे हाच हयातीचा दाखला, होतो. माझ्याच मोबाईलवर केलं, पाच मिनिटांत. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरच धरून बसायची गरज नाही, ज्या दिवशी भरला तिथून वर्षभर चालतो.

दुसरं नावाचं. कारखान्याच्या कार्डावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आणि तेलुगू नाव मराठीत प्रत्येकानं वेगळं लिहिलेलं. त्यात दीड वर्ष गेलं. ताई, आप्पांचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव तिन्ही आत्ताच जुळवून बघा. आप्पा कामावर आहेत तोवर दुरुस्तीच्या अर्जावर मालकाची सही सहज मिळते.

शेंगाचटणी
वहिनी, कुंभारीच्या घरकुलात बस वेळेवर येते का आता?

कुंभारी_घरकुल
येते कधी कधी. त्यासाठी वेगळा धागा काढा दादा.

एसटी_वाहक
मी पण ईपीएस-९५ वालाच. एक शंका: ५८ ला न घेता ६० ला पेन्शन घेतली तर वर्षाला ४ टक्के वाढते म्हणतात. आप्पांनी दोन वर्षं थांबावं का?

हिशोबनीस
चांगला प्रश्न. ४,२०० वर दोन वर्षांचे ८ टक्के म्हणजे ३३६ रुपये वाढ. पण दोन वर्षांत न घेतलेली पेन्शन १,००,८००. ती भरून निघायला ३०० महिने, म्हणजे पंचवीस वर्षं लागतील. आप्पा ८५ चे होईपर्यंत. माझं मत: ५८ ला घ्या. मालकानं ठेवून घेतलं तरी पेन्शन सुरू करता येते.

उलट बाजूनं, ५० नंतर लवकर घेतली तर दर वर्षाला ४ टक्के कमी होते, आणि ती कायमची कमी. तेही शक्यतो टाळा.

एक राहिलं. आप्पांच्या माघारी आईंना निम्मी पेन्शन मिळेल. म्हणून पेन्शनचा अर्ज, म्हणजे फॉर्म १०-डी, भरताना आईंचं नाव, जन्मतारीख, फोटो काटेकोर असू द्या.

विजापूररोड
मग सहा लाखांचं काय? तो पेन्शन प्लॅन?

हिशोबनीस
त्यात बहुधा मुद्दल अडकतं, आणि उद्या आईंना गरज लागली तर हात बांधलेले. मी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सुचवेन. एरवी साठी लागते, पण निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही उघडता येते, निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. सध्या ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून आठ लाख टाकले तर तिमाहीला १६,४०० येतात. सगळे टाकू नका, लाखभर जवळच्या बँकेत मोकळे ठेवा.

शेंगाचटणी
आमच्यासारख्या पीएफ नसलेल्यांचं काय ओ काका? माझी आई घरी बसून टॉवेलला गाठी मारते. तिला ना कार्ड, ना स्लिप.

हिशोबनीस
हे सगळ्यात दुखरं. वय ६५ झालं आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असलं तर श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० मिळतात, तहसीलमध्ये अर्ज. २१ हजार म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत, त्यामुळे कितीतरी गरजू बाहेर राहतात. तुमचं वय चाळीसच्या आत असेल तर तुम्ही स्वतः श्रमयोगी मानधन योजनेत किंवा अटल पेन्शनमध्ये आजच नाव घाला. आईंसाठी फुले योजना आहेच, तिला पीएफ लागत नाही.

शेंगाचटणी
वय ३४. उद्या जातो. आईचं रेशन कार्डही नीट करून घेतो.

पूर्वभागची_लेक
मंडळी, तीन आठवड्यांनी आले, कारण रोज एकेक कागद चालू होता. झालेलं सांगते.

चादरवाला काका, तुमचा संशय खरा निघाला. आप्पांचा पीएफ आधी ११ हजारांवर कापला जात होता. १५ हजारांवर फक्त शेवटची तीन वर्षं धरली जातील. बाकीचा हजार घरभाडे म्हणून आहे. हिशोबनीस काकांच्या रीतीनं मी स्वतः मांडलं: चोवीस महिने ११ हजार आणि छत्तीस महिने १५ हजार, सरासरी १३,४००. त्यावर जादा दोन वर्षं धरून पेन्शन ३,९०० च्या आसपास. चूक असेल तर सांगा.

कुंभारीच्या वहिनी, आप्पांची जन्मतारीख पीएफमध्ये एक वर्षानं वेगळी होती! मालकांनी दुरुस्तीच्या अर्जावर सही दिली. २७ तारखेला पीएफवाल्यांचा 'निधी आपके निकट' मेळावा असतो हे तिथंच कळलं, त्यात जाऊन कागद दाखवून आलो.

ग्रॅच्युइटीचा अर्ज आप्पा स्वतः लिहून देणार आहेत. हिशेब सव्वादोन लाखांचा. आप्पांनी मालकांपुढं बोलायला दोन दिवस घेतले, पण बोलले.

आणि नर्सताई, शाखा कार्यालयात आईला सोबत नेलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी "१२० रुपये, वर्षाचे, दोघांचे" असं स्वतः सांगितलं. आईनं त्यांना तीन वेळा विचारलं.

हिशोबनीस
३,९०० बरोबर आहे. गणितात तुम्हाला पैकीच्या पैकी. एजंटाचं काय झालं?

पूर्वभागची_लेक
पेन्शन प्लॅनला नाही सांगितलं. मेडिक्लेम अजून ठरत नाही. विजापूररोड दादांचं स्टेंटचं उदाहरण डोक्यातून जात नाही.

विजापूररोड
ताई, नर्सताईंचं वाचून माझंही मत थोडं बदललंय. ईएसआय आणि फुले योजना धरून बसा, आणि परवडेल तेव्हा फक्त आप्पांचा छोटा मेडिक्लेम घ्या. घेताना बीपी लपवू नका, नाहीतर दावा अडतो. आधीच्या आजारांना आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून घ्यायचाच तर लवकर. आणि ४२ हजारांवर अजून दोन ठिकाणी विचारा.

नर्सताई
मान्य. आप्पांचे कानही एकदा तपासून घ्या. नोकरीत आहेत तोवरच, फेब्रुवारीच्या आधी. मागाच्या आवाजानं गेलेलं ऐकणं परत येत नाही, पण यंत्र मिळालं तर आईंचं बोलणं तरी ऐकू येईल.

पूर्वभागची_लेक
सोमवारी नेते. आप्पांना विचारलं तर म्हणाले, सुट्टी मांडावी लागंल, मागावर सुताचे दोन बीम चढवायचे राहिलेत.

जुनामिलवाला
बाळ, एक काम कर. १०-डी सोबत काय काय कागद लागले ते इथं सविस्तर लिही. आमच्या गल्लीतले दोघं मार्चमध्ये सुटतायत, त्यांना वाचून दाखवतो.

पूर्वभागची_लेक
लिहिते बाबा. आज रात्री जेवणं झाली की बसते.